ताटाची डावी बाजू

“अगं शिवकन्ये, बुडाला लागंल ती भज्जी! हलीव की!”

ओसरीवरून आमच्या आत्या ओरडल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कमलबाई. गुडघे कामातून गेलेत, पण नाक अजून ओसरीवरून चुलीपर्यंत पोचतं. येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची सकाळ होती. या दिवशी आमचं सगळं सास्तूर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं, त्यामुळे पहाटेपासून माझ्या हाताला उसंत नव्हती. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, झाले होते, आंबिलाचं मडकं रंगवून ठेवलं होतं. ओले दाणे आणि पालेभाज्या घातलेल्या त्या भज्जीला दोन-चार ढवळे मारले आणि मी परसात गोठ्यामागं गेले.

तिथं हे उभे होते. हे म्हणजे आमचे मालक, शंभुलिंग. पाण्याची बादली उजव्या कोपरात अडकवलेली, डाव्या हातात वगराळं. पुढ्यात विटांची रांग आणि प्रत्येक विटेवर एकेक वाटी. वाकायचं, वाटी भरायची, पुढं सरकायचं. रांग संपली तसे मागं वळून बघायला लागले.

“सांडलं का गं?”

“थेंबभर.”

“मग सांडलंच की.”

सगळ्या वाट्या परत बादलीत ओतल्या आणि पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात केली. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

“आज म्या वाढणार हाय,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “अव्वाला आत्ताच बोलू नको.” अव्वा म्हणजे त्यांची आई, आमच्या आत्या.

“आणि तिथं कळल्यावर?”

“तिथं पंगत बसलेली आसंल. पंगतीत भांडत न्हाय ती.”

पण आमच्या आत्यांना मी ओळखते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी ताटात मीठ उजवीकडं वाढलं, तर बाईंनी ते ताट भरल्या पंगतीतून उचलून आत आणलं होतं. मीठ, चटणी, लिंबू डावीकडं. भाजी, भज्जी उजवीकडं. आणि डाव्या हाताचा अन्नाला स्पर्श नाही म्हणजे नाही. माझ्या लेकीनं लहानपणी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा उचलला, तर तिच्या पाठीत धपाटा बसायचा.

आता यांचं सांगते. तसे हे चारचौघांसारखे शेतकरी. थोडी जमीन, एक म्हैस, एक मोटारसायकल. पण गावात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, सप्ता असो, वाढायला शंभुलिंग पाहिजेच. कुणी बोलवायचीसुद्धा गरज नसायची. पंगत बसली की हे शर्टाच्या बाह्या वर करून बादली उचलायचे. कोण लाजून कमी घेतो, कुणाला गोड चालत नाही, कुणाची म्हातारी दात नसल्यानं भाकरी भिजवून खाते, सगळं डोक्यात. मी वैतागायचे. म्हणायचे, घरी कधी बायकोला ताट वाढलं नाही आणि गावाला वाढत फिरताय!

एकदा मी असंच टोचून बोलले, तेव्हा यांनी कारण सांगितलं. भूकंप झाला तेव्हा हे पोरवयात होते. माझे सासरे त्यात गेले. घराच्या जागी नुसती माती होती. कुठून कुठून माणसं भात-वरण घेऊन आली होती, आणि हे अव्वाचा पदर धरून रांगेत बसलेले. एका माणसानं यांच्या पत्रावळीवर वाढलं, पुढं गेला, परत मागं आला आणि आणखी वाढलं. म्हणाला, “पोटभर जेव बाळा.” त्याचं नाव नाही माहीत, गाव नाही माहीत. “त्याला कुठं शोधू?” हे म्हणाले. “म्हणून समोर बसंल त्याला वाढतो.” त्या दिवसापासून मी टोचायचं बंद केलं.

आणि गेल्या साली दिवाळी झाल्यावर कडबाकुट्टीत हात गेला. कडब्याची पेंढी आत सारताना बाही अडकली. मी धावत जाऊन बटण बंद केलं, पण तोवर उजवा पंजा राहिला नव्हता. सोलापूरच्या दवाखान्यात मनगटावर बांधलेलं पांढरं बँडेज बघून हे एवढंच म्हणाले, “आता बादली कशी धरू?” मला वाटलं, माणसाला भ्रम झालाय. आता कळतं, त्यांना खरंच तेवढंच सुचलं होतं.

त्यानंतरचे दिवस नको वाटतात आठवायला. हे घरात जेवेनात. ताट घेऊन परसात जायचे आणि भिंतीकडं तोंड करून डाव्या हातानं खायचे. आईसमोर त्या हातानं जेवायची लाज. मी एकदा भरवायला गेले, तर ताट भिरकावून दिलं. रात्रंदिवस माझ्यावर चिडचिड, म्हशीवर चिडचिड. आत्या जेवायच्या वेळेला मुद्दाम देवळात जाऊन बसायच्या, म्हणजे लेकाला आत बसता यावं. पण हे काही आत येत नव्हते.

मग उन्हाळ्यात गुरुलिंगच्या पोरीचं लग्न आलं. गुरुलिंग यांचा जिवाभावाचा मित्र, न जाऊन चालणार नव्हतं. पंगत बसली आणि यांना राहवलं नाही. वरणाची बादली कशीबशी कोपराला लावली, डाव्या हातात वगराळं घेतलं. रांगेत पहिले होते महांतप्पा मामा. आत्यांचे मावसभाऊ, गावातलं जुनं, मानाचं माणूस. वगराळं पुढं आलं तसं मामांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. “राहू दे शंभू, डाव्यानं नको. तू बस, पोरं वाढतील.” रागानं नाही म्हणाले, जपूनच म्हणाले. पण रांगेतल्या पुढच्या माणसानंही हात आडवा धरला. त्याच्या पुढच्यानंही.

यांनी बादली खाली ठेवली आणि न जेवता घरी आले. मी मागोमाग आले तर गोठ्यात बसलेले, डोळे लाल.

“पंजा न्हाय म्हणून नको म्हणले आसते तर म्या समजून घेतलं आसतं,” म्हणाले. “सांडंल, अंगावर पडंल, ठीक हाय. पण डावा हाय म्हणून? ह्यो हात काय चोरी करून आणलाय का म्या?”

रडतील असं वाटलं होतं. पण ते उठले, बादली नळाखाली लावली आणि विटा मांडायला लागले. चिडून चिडून मांडत होते, एक वीट तर आपटून फोडली. संध्याकाळपर्यंत पाण्यानं सगळा परस चिखल झाला. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजचंच झालं. शेतातून आले की बादली आणि विटा. आधी पाणी, मग ताक, मग माझ्याकडून घट्ट पिठलं करून घेतलं. ते जमायला लागलं तशी चिडचिड कमी झाली. म्हशीशीसुद्धा पुन्हा गोड बोलायला लागले.

एके दिवशी मी म्हणाले, “तुमचा डावा हात लई लवकर शिकला हो.”

तर हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा. “शिकला न्हाय. त्याला आधीच येत हुतं. म्या डावराच हुतो लहानपणी. अव्वा चिंधीनं बांधून ठिवायची ह्यो हात, जेवताना. सुटायला बघितलं की वरून चापट. मग उजव्याची सवय लागली.”

मला आत्यांचा असा राग आला की काय सांगू! पण काय करणार, त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं, त्यांनी लेकाला शिकवलं. हे बोलणं आत्यांनी आतून ऐकलं असावं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. पोट जड झालंय म्हणाल्या.

तर अशी ती येळवस. शेतात ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभरा घाट्याला आला होता. कडब्याच्या पेंढ्यांचा कोप, म्हणजे छोटी खोपी, केली होती, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडले होते. आत्यांनी पूजा केली, नैवेद्य दाखवला. मी आंबिल शेतात शिंपडून आले. मग आजूबाजूच्या शेतातली माणसं जमली. येळवशीला बांधावर आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि आलेला माणूसही नाही म्हणत नाही. पुरुषांची पहिली पंगत कडुनिंबाखाली बसली. गुरुलिंग आला होता. आणि रांगेत पहिले, नेहमीच्या मानाच्या जागी, महांतप्पा मामा.

यांनी भज्जीची बादली कोपरात अडकवली.

उंड्यांचा टोपला घेऊन मी मागं उभी राहिले. मी मनात म्हणाले, देवा, आज पुन्हा कुणी हात आडवा धरला तर हा माणूस परत भिंतीकडं तोंड करून बसेल आणि मग उठणार नाही. हे मामांसमोर जाऊन उभे राहिले. मामांनी वर पाहिलं. त्यांचा हात पत्रावळीच्या कडेपाशी आला आणि तिथंच थांबला.

तेवढ्यात कोपापासून आत्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत टेकत आल्या आणि मामांच्या वरच्या अंगाला, सरळ पुरुषांच्या पंगतीत बसल्या. आमच्याकडं बायका पहिल्या पंगतीला बसत नाहीत. आत्या तर मी आल्यापासून कायम सगळ्यांच्या शेवटी जेवलेल्या.

“पत्रावळ आण गं,” मला म्हणाल्या. मी आणली.

“अगोदर मला वाढ,” लेकाला म्हणाल्या.

“अव्वा,” हे म्हणाले, “डावा हात हाय.”

“ठावं हाय मला. म्याच बांधला हुता त्यो. वाढ.”

हे वाकले. वगराळं भरलं आणि पत्रावळीच्या बरोब्बर मधोमध भज्जी वाढली. एक थेंब बाहेर नाही. आत्यांनी उंडा कुस्करला, घास कालवला, तोंडात घातला. सगळी पंगत बघत होती.

“मीठ कमी हाय,” आत्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

गुरुलिंग फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. मामा म्हणाले, “आरं शंभू, माझ्या बहिणीलाच वाढणार व्हय सगळं? हिकडं बी बघ की.” आणि पत्रावळ स्वतः पुढं सरकवली. हे वाढत पुढं गेले. तीच वाकायची ढब, तेच “घ्या की अजून थोडं”. परतीला पुन्हा मामांपाशी आले, तेव्हा न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

“मामा,” हे म्हणाले, “तुमचे उपकार हायेत माझ्यावर. त्या दिवशी तुम्ही नको म्हणला नसता तर म्या ह्यो हात एवढा तयार केलाच नसता.”

मामांनी हातातला घास खाली ठेवला. “लाजवू नको रं,” एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला उपरणं घेतलं. मीही पदर डोळ्यांना लावला. लग्नातल्या त्या पंगतीचा मी इतके महिने राग धरला होता. त्या क्षणी तो गेला. कुणाकुणाचे आभार मानावेत तेच कळेना. मामांचे मानले, पांडवांचे मानले, आणि भूकंपातल्या त्या अनोळखी वाढप्याचेसुद्धा.

पंगती उठल्या. शेवटी घरचे राहिलो. हे सवयीनं ताट घ्यायला आले आणि ताट घेऊन बांधापलीकडं निघणार, तोच आत्या म्हणाल्या, “हितं बस. माझ्यासमोर. म्या वाढते.”

हे बसले. आत्यांनी ताट घेतलं. भज्जी वाढली, उंडा ठेवला, शेंगदाण्याची चटणी घातली, चिमूटभर मीठ. एकेक जिन्नस विचार करून ठेवत होत्या. ताट यांच्यापुढं सरकवलं तेव्हा माझं लक्ष गेलं. भज्जी आणि उंडा डाव्या बाजूला होता. चटणी, मीठ उजवीकडं.

यांनीही पाहिलं.

“अव्वा, ताट उलटं वाढलंस.”

“सुलटंच हाय,” आत्या म्हणाल्या. “जेव.”