एकट्यानं जमतं तेवढं

करिश्मा सकाळी सव्वासातलाच दारात हजर झाली, तेव्हा शिवप्रियाच्या हातातून दुधाचं पातेलं निसटता निसटता राहिलं. आठची वेळ ठरली होती. तालुक्याहून येणारं माणूस उशिराच येणार हे शिवप्रियानं गृहीत धरलेलं, आणि ही बया पाऊण तास लवकर.

करिश्मा फिजिओथेरपिस्ट. गेले अडीच महिने दर आठवड्याला उमरग्याहून स्कूटीवर मुरूमला यायची, सिद्धेश्वर अण्णांकडून व्यायाम करून घ्यायची आणि चहा न घेता जायची. अण्णा म्हणजे शिवप्रियाचे वडील. वय बहात्तर, पेंड-सरकीचं दुकान, आणि तीन महिन्यांपूर्वी आलेला लकव्याचा झटका. डावी बाजू गेली होती. त्यातला पाय बराचसा परत आला, हात मात्र रुसून बसला. आज व्यायाम नव्हता, परीक्षा होती. खाणं, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशा दहा गोष्टी अण्णा स्वतःच्या स्वतः किती करतात ते बघून करिश्मा मार्क देणार होती. एकूण शंभर.

ऐंशी पडले की शिवप्रिया सुटणार होती. सुरतेचा भाऊ विरेश फोनवर तसंच म्हणाला होता, "ऐंशी पडले तर अण्णा एकटे राहू शकतात. सिताबाई दहाला येऊन स्वयंपाक, धुणं करून जाईल. तू खुशाल हैदराबादला जा." ऐंशीच्या खाली आले तर काय, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. विरेशला बायको होती, पोरं होती, कारखाना होता. शिवप्रियाला फक्त नोकरी होती, आणि फक्त नोकरी असलेल्या बाईची नोकरी घरच्यांना सोडण्यासारखी वाटते.

हैदराबादच्या लॅबनं दोनदा रजा वाढवून दिली होती. आता सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. आज शुक्रवार होता.

"ताई, एक सांगून ठेवते," करिश्मानं पॅड काढत बजावलं. "तुम्ही हात लावायचा नाही, सुचवायचं पण नाही. कुणी सांगितलेलं मी लिहीत नाही, बघितलेलं लिहिते. मागं एका घरी सुनेनं सासूला सगळं येतं म्हणून सांगितलं, आणि आठच दिवसांत म्हातारी न्हाणीत पडली."

"मी कशाला हात लावू," शिवप्रिया म्हणाली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिली. ते हात पदरात काही थांबेनात. कॉटवरून उठताना अण्णा डुलले, तसे ते आपोआप पुढं गेले. करिश्मानं नुसतं बघितलं, तसे मागं आले. उठताना करिश्मालाच अण्णांच्या कोपराला आधार द्यावा लागला आणि पाच मार्क गेले. काठी टेकत अण्णा परसदारापर्यंत गेले आणि आले, तिथं पूर्ण पंधरा मिळाले. शिवप्रिया मनात बेरीज करत होती. शाळेत असताना गणितात तिनं कधी इतका जीव लावला नव्हता.

अंघोळीला अण्णा स्टुलावर बसले. करिश्मा दाराबाहेर पाठमोरी उभी राहिली आणि कानानं परीक्षा घेऊ लागली. तांब्या बादलीत बुडाल्याचा, पाणी पडल्याचा आवाज येत होता. मध्येच आवाज थांबला की शिवप्रिया दाराकडं एक पाऊल टाकायची. साबण निसटला असेल. तोल गेला असेल. हाक मारावी का? पण हाक मारणं म्हणजे सुचवणं. ती स्वयंपाकघरात गेली, उप्पिटाचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं, परत आली. पाणी पुन्हा पडू लागलं होतं.

"झालं की वो," आतून अण्णांचा आवाज आला. "म्या काय लहान पोर हाय व्हय, दोघीजणी राखण करायला?"

अंघोळीचे पाचपैकी पाच मिळाले. सदऱ्याच्या गुंड्या मात्र एका हातानं लागेनात. कपड्यांच्या दहातले निम्मे गेले. जिना तर चढणंच शक्य नव्हतं, तिथं दहापैकी शून्य. बाकीचं सगळं जमलं. "सत्तर झाले," करिश्मा म्हणाली. "आता फक्त खाणं राहिलं. त्याला दहा आहेत."

सत्तर आणि दहा. शिवप्रियाला एकदम हसू फुटलं. खायला अण्णांना काहीच अडचण नव्हती. उजवा हात ठणठणीत होता, आणि भूक तर त्याहून. तिला हैदराबादची आपली खोली दिसली. खिडकीतलं वाळत घातलेलं धुणं, खालच्या इराणी हॉटेलातला चहा, लॅबमधलं ते सतत गरगरणारं यंत्र. त्या आवाजाचीसुद्धा तिला आठवण यायची, म्हणजे बघा.

"आणा नाश्ता," करिश्मा म्हणाली.

आणि शिवप्रिया जागच्या जागी थांबली. पूजा राहिली होती.

आठव्या वर्षी लिंगदीक्षा झाल्यापासून अण्णांनी इष्टलिंगाच्या पूजेशिवाय तोंडात घास घातला नव्हता. मग घरात लग्न असो की मयत. अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलपान. आधी त्याला नैवेद्य, मग आपण. पण डावा तळहात आता उघडतच नव्हता. बोटं आत वळलेली असायची. दवाखान्यात कुणी ना कुणी हात धरायचं; घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी एकट्यानं पूजा करून बघितली. मूठ मिटली आणि लिंग घरंगळून चटईवर पडलं. त्यानंतर दोन दिवस अण्णा उपाशी होते. शेवटी मठातले स्वामी येऊन समजूत घालून गेले, तेव्हा कुठं पाणी प्यायले. त्या दिवसापासून रोज सकाळी शिवप्रिया त्यांच्या समोर बसायची, एकेक बोट सरळ करायची आणि तळहाताखाली आपले दोन्ही हात धरून ठेवायची. अर्धा तास. तिचे खांदे भरून यायचे, पण ते काही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विरेशनं फोनवर सुचवलं होतं की उजव्या हातावर घ्या म्हणावं. अण्णांनी तिथंच फोन तिच्या हातात ठेवला होता. सिताबाईंचा हात चालेल का, असं तिनंही एकदा विचारून बघितलं. त्यावर अण्णांनी डबी उजव्या मुठीत झाकून घेतली होती.

या सगळ्याचा सोमवारनंतर काय मेळ बसणार, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं त्याचा विचार पुढं ढकलला होता, इतकंच. आधी ऐंशी पडू देत, मग बघू.

"थोडं थांबाल का?" ती करिश्माला म्हणाली. "पूजा झाल्याशिवाय ते खात नाहीत. अर्धा तास लागेल."

"थांबते की. नऊला बेळंबला एक पेशंट आहे, तोवर होईल." करिश्मानं घड्याळ बघितलं. "पूजा स्वतः करतात?"

"हात धरावा लागतो."

"असू दे. पूजा फॉर्ममध्ये नाही. त्याचे मार्क कापत नाही मी."

अण्णा कॉटवर बसून हे ऐकत होते. ओल्या केसांतून पाण्याचा ओघळ कानामागून उतरत होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "फॉर्मात न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. जेवण आहे."

"आन् एकट्याला जमतं त्येवढंच तू लिवनार."

"हो."

अण्णांनी उजव्या हातानं आपली मिटलेली डावी मूठ चाचपली. मग म्हणाले, "शिवे, उप्पीट आण."

"अण्णा, पूजा..."

"आण म्हणलं न्हवं."

शिवप्रियानं ताटली भरून आणली. आणताना तिला वाटलं, नुसतं समोर ठेवून घेतील, पूजेनंतर खातील. तिनं ताटली कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली. अण्णांनी उजव्या हातानं डबी सदऱ्याच्या आत सारली आणि उप्पिटात चमचा घातला. उप्पीट गरम होतं. त्यांनी चमचा तोंडासमोर धरला आणि फुंकर मारली. मग आणखी एक मारली. 'थांबा' एवढा एकच शब्द तिला म्हणायचा होता. तिनं ओठ मिटून घेतले आणि खाली फरशीकडं बघितलं.

अण्णांनी घास घेतला. चावला, गिळला, दुसरा घेतला.

"छान," करिश्मा म्हणाली. पूजेआधीचा हा घास केवढा होता, ते तिला बिचारीला कुठून कळणार? तिनं दहा लिहिले, बेरीज केली, खाली सही केली. "ऐंशी, ताई. तीन महिन्यांत एवढं म्हणजे लई झालं." त्या दिवशीही चहा न घेताच ती गेली.

स्कूटीचा आवाज वेशीपलीकडं जाईपर्यंत शिवप्रिया दाराशी उभी होती. मग वळली आणि जी चिडली, ती स्वतःवर चिडली होती हे तिला बोलायला लागल्यावर कळलं. "मला न विचारता हे काय केलंत? चौसष्ट वर्षांचा नेम होता तुमचा. आज मी इथं आहे. उद्या आहे, परवा आहे. सोमवारचं सोमवारी बघितलं असतं."

"सोमवारी एकट्यानं झालं नसतं माझ्याच्यानं," अण्णा म्हणाले. "पयला घास लई अवघड जातो. तू हायेस तवर घेतला."

ती त्यांच्या शेजारी कॉटवर बसली. आनंद होता, आणि तो आहे याची लाज होती, आणि दोन्ही एकाच वेळी मनात मावत नव्हतं. शेवटी तिनं खरं तेच सांगून टाकलं. "अण्णा, मला थांबवता आलं असतं तुम्हाला. वेळ होता. मी मुद्दाम गप्प बसले."

अण्णांनी ताटली तिच्याकडं सरकवली. अर्धं उप्पीट तसंच होतं.

"म्या बघितलं की," ते म्हणाले. "लई बरं केलंस. तू बोलली असतीस, तर म्या चमचा खाली ठिवला असता."