शिंप्याच्या घरचा ग्लुकोमीटर

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटाला सुई टोचा, थेंबभर रक्त पट्टीवर द्या, की रक्तात साखर किती ते मी चुटकीसरशी सांगतो. कारखान्यातून निघालो तेव्हा काचेवर एक ओरखडा नव्हता. आता बटणाचा रंग उडालाय आणि पाठीचं झाकण चिकटपट्टीवर तगलंय. पण अजून कुणाला खोटं सांगितलेलं नाही, हं!

माझे मालक शिंपी, आणि त्यांना मधुमेह. त्यांनी मला शिवणयंत्राच्या खणात, गुंड्या आणि खडूंच्या शेजारी जागा दिली. सुरुवातीला केवढं कौतुक! येईल त्या गिऱ्हाइकाला माझं दर्शन. मग उत्साह ओसरला. मी दोनशे वीस दाखवले, तरी माझ्यासाठी एवढी साखर ठीकच आहे, असं मालक म्हणायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की कापडात डोकं खुपसायचे. मला राग यायचा. पण मला आकडा दाखवता येतो, कान धरता येत नाही.

अशात सूनबाईला दिवस गेले. घर आनंदानं भरलं. सहाव्या महिन्यात दवाखान्यात साखरेची तपासणी करायची होती. मालक म्हणाले, घरात यंत्र असताना तिकडे कशाला खेटे घालायचे? सकाळी उपाशीपोटी सूनबाईनं बोट पुढे केलं. मी एकशे सहा दाखवले. मालक खूश! इतका देखणा आकडा त्यांनी माझ्या काचेवर कधी पाहिलाच नव्हता. सूनबाई ठणठणीत, तपासणीची गरज नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. तिलाही हायसं वाटलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

सासूबाई बधल्या नाहीत.

"तुम्ही कपडे शिवा, डॉक्टरकी राहू द्या," असं म्हणून त्या सुनेला घेऊनच गेल्या.

परतल्या त्या गंभीर चेहऱ्यानं. तपासणीत सूनबाईची साखर जास्त निघाली होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, गरोदरपणात साखर उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत हवी, जेवल्यावर तासाभरानं एकशे चाळीसच्या आणि दोन तासांनी एकशे वीसच्या आत. ती जास्त राहिली, तर बाळ पोटात प्रमाणाबाहेर वाढतं आणि बाळंतपण अवघड होतं. मालकांचा चेहरा एवढासा झाला.

सूनबाईच हसून म्हणाली, "बाबा, तुमच्या मापाचा शर्ट मला कसा बसेल?"

त्या दिवसापासून मला कामाला जुंपलं. बेतानं खाणं, जेवणानंतर फेरफटका आणि वेळच्या वेळी मोजणी. मालक स्वतः सुनेबरोबर चालायचे आणि भेटेल त्याला थांबवून पंच्याण्णवचं महत्त्व ऐकवायचे. लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले! मी एक्क्याण्णव दाखवले त्या सकाळी तर सगळे माझ्याभोवती गोळा झाले. एवढा मान मला नवा होतो तेव्हाही मिळाला नव्हता. यथावकाश मुलगी झाली. वजन हवं तेवढंच, आवाज मात्र खणखणीत.

मित्रांनो, माझी काच पुसा, पट्ट्यांची मुदत बघा, एवढंच माझं मागणं. आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. आपल्याला किती हवा, ते डॉक्टरांना विचारा.

परवा नात मालकांच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. मी दोनशे दहा दाखवले. त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग सूनबाईला हळूच म्हणाले, "माझीही वेळ घे गं डॉक्टरांकडे. हिचा शाळेचा गणवेश मलाच शिवायचाय."