नाही म्हणण्याआधीचं पाणी

“मोडायचा तं मोड, बाबू. पण आधी माह्या दारी ये, माह्या घरचं पानी पे, अन् मंग तोंडानं सांग.”

उकंडा दलालाचा हा आवाज थांबून बरीच वर्षं झाली. गुरांच्या बाजारातल्या धुळीनं खरखरीत झालेला, तरी आतून ओला आवाज. बैलजोडीचा सौदा ठरवून जो कोणी मागं सरे, त्याला उकंडा एवढंच सांगे. शिवी नाही, पंचायत नाही. त्याच्या लेकानं, संघदीपनं, लहानपणी ओट्यावर खेळता खेळता हे बोल कितीदा तरी ऐकले होते. आणि मोठं होता होता, आपण सगळेच विसरतो तसा, तोही ते विसरला होता.

संघदीपही दलालच झाला, फक्त बाजार बदलला. यवतमाळात दोन खोल्यांचं घर, खिडकीशी संगणक. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर त्याला नाव लागतं, डोमेन म्हणतात त्याला, आणि एक नाव जगात एकालाच मिळतं. संघदीप चांगली चांगली नावं आधी आपल्या नावावर नोंदवून ठेवतो आणि ज्याला हवं त्याला विकतो. त्याची आई सत्यभामाबाई शेजारणींना सांगते, “बाप बैलं विकाचा, पोरगं नावं विकते. यायले चारा लागत नाई, एवढं बरं.”

पण चारा न खाणाऱ्या या बाजारातही मागं सरणारे आहेतच. ‘हो दादा, पक्कं समजा’ म्हणायचं आणि पुढं गप्प. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. कधी विकणाराच नाव देतो म्हणतो आणि जास्तीचा भाव आला की मुका होतो. मंडळी, हे काही एकट्या संघदीपचं दुखणं नाही. लग्नाच्या स्थळापासून घराच्या भाड्यापर्यंत, ‘कळवतो’ म्हणून न कळवणारी माणसं कुणाला भेटली नाहीत?

त्या सकाळी संघदीपचा संयम सुटला. कळंबच्या कोकिळाबाईंनी त्याच्याकडून ‘वानोळाघर’ हे नाव घ्यायचं ठरवलं होतं. त्यांचा बायकांचा गट कुरडया, पापड, मुगवड्या करतो. “भाऊ, हेच नाव पाहिजे आम्हाले,” असं त्या फोनवर किती हरखून म्हणाल्या होत्या. त्यांच्यासाठी संघदीपनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. आणि त्या दिवसापासून कोकिळाबाईंचा फोन वाजतो, कुणी घेत नाही.

त्यानं डोमेनवाल्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकायला मजकूर लिहिला. कोकिळाबाईंचं नाव, गाव, फोटो आणि वर ठळक अक्षरात ‘या बाईपासून सावध राहा’.

मैत्रेयी, त्याची बायको, चहा ठेवता ठेवता थबकली. “अहो, फोटोसकट? त्या बायकांचा माल आत्ता कुठं बाजारात येऊन राह्यला.”

“मंग माह्याशी खोटं कायले बोलल्या? असंच एकेकाले उघडं पाडलं पाहिजे.”

आतून सत्यभामाबाईंचा आवाज आला. “तिच्या दारी गेलता काय रे?”

“आई, फोन असताना दारी कोण जाते?”

“फोननं नाही आलं ना उत्तर? मंग चाल. कळंब काई इलायतेत नाई. मी बी येतो, घरात बसून बसून पाय आखडले माहे.”

सत्यभामाबाई एकदा पायात चप्पल घालून उभ्या राहिल्या की त्यांना थांबवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात नाही. संघदीपनं मजकूर तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली. मागं आई, पदर कानावरून घट्ट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बायकांच्या पाठी पांढऱ्यात वाकलेल्या दिसत होत्या, आणि सत्यभामाबाई वाऱ्याशी स्पर्धा करत गुणगुणत होत्या:

शब्द देल्ला बाई, जसं पेरलं बियाणं
उगो नाही उगो, सांगा एकदा तोंडानं

कोकिळाबाई अंगणात वाळवणावरचे कावळे हाकत होत्या. दारात संघदीपला पाहून त्यांच्या हातातली काठी तशीच राहिली.

“भाऊ, तुम्ही?”

“हो. फोन लागत नव्हता तुमचा,” संघदीप कोरडेपणानं म्हणाला.

“लागत होता,” कोकिळाबाई खाली बघत म्हणाल्या. “उचलाची हिंमत होत नव्हती. आधी बसा तं खरं. माय, तुम्ही बसा खाटीवर.”

त्यांनी पाणी आणलं. मग हळूहळू बोलू लागल्या. ‘वानोळाघर’ हे नाव त्यांनी हौसेनं गटात सांगितलं. साऱ्या खूश. पण गटातली सगळ्यात थोरली, गंगी आजी, म्हणाली, “वानोळा म्हणजे शेतातलं नवं पीक सोयऱ्याच्या घरी पोचवाचं, मायेनं, फुकट. वानोळा कोणी इकते काय व? त्या नावानं पैसे घेतले तं मले घास गिळन का?” आजीचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

“मंग एक ओळ टाकाची होती ना, ताई. आम्हाले नको म्हणून.”

“कशी टाकू? तुम्ही किती आपलेपणानं बोलले. आमच्यासाठी नाव राखून ठेवलं. रोज ठरवो आज सांगतो, आज सांगतो. जितका उशीर झाला तितकं तोंड लपवावं वाटे.” त्यांचे डोळे भरले. “तुम्ही मले लबाड म्हणत असान.”

संघदीपच्या खिशातल्या फोनमध्ये तो मजकूर होता. फक्त एक बोट लावायचं बाकी. त्याला एकाएकी आपल्याच खिशाची लाज वाटली. गंगी आजीचं म्हणणं तर त्यालाही पटलं होतं. इतकी वर्षं नावं विकतो, पण या नावात काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि कापला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा कापला. सत्यभामाबाईंनी दोन्ही वेळा पाहिलं.

निघताना कोकिळाबाईंनी कुरडयांची पिशवी सत्यभामाबाईंच्या हातात दिली. “हा वानोळा हाय. याचे पैसे विचारसान तं मी बोलणार नाई तुमच्यासंग.”

गावाबाहेर बाभळीच्या सावलीत सत्यभामाबाईंनी गाडी थांबवायला लावली.

“तो फोन कोणाचा व्हता?”

“गिऱ्हाइकाचा.”

“गिऱ्हाइकाचा फोन कापत असते काय दलाल?”

संघदीप घुटमळला. मग म्हणाला, “अमरसिंग म्हणून हाय. बाभुळगावच्या वाटेवर तांडा हाय त्यायचा. तांड्यातल्या बायका आरसे लावून कशिदा करतात, तो विकाले त्याले नाव पाहिजे होतं. ‘आरसेटाका’. देतो म्हणलं होतं मी. मंग नागपूरच्या कंपनीनं त्याच नावाले लय जास्त सांगितले.”

“अन् अमरसिंगले काय सांगितलं?”

“काईच नाई.”

“काहून?”

“कसं सांगू, आई? तो बम खूश होता.”

सत्यभामाबाई हसल्या. त्या हसण्यात टोमणा होता, मायाही होती. “कोकिळा बी हेच म्हणे. तिचा फोटो तू गावभर लावाले निघाला. आता तुहा फोटो कोण लावन?”

संघदीपनं गाडी स्टँडवर लावली.

“तुहा बाप पानी कायले पाजत व्हता, माहीत हाय?” सत्यभामाबाई खाली टेकल्या. “त्या वक्ती आपल्या दारचं पानी कोण पेत व्हतं? सौदा कराले उकंडा चाले, पानी नाई चाले. म्हणून तो म्हणे, मोडायचा तं माह्या घरचं पानी पिऊन मोड. काई जण निस्त्या त्या पान्याच्या भेवानं सौदा पाळत.” त्यांना त्या आठवणीनंच हसू फुटलं. “पण काई जण यायचे. लोटा हातात घ्यायचे, पेयाचे, अन् मंग समोर बसून खरं काय ते सांगायचे. पोरगी बिमार हाय, भावानं मोडता घातला, मन फिरलं. तुह्या बापानं एकाले बी अडवलं नाई. जे पेले, ते मंग लेकरायच्या लग्नाले आले आपल्या. नाई म्हणनं पाप नाई रे. तोंड लपवनं पाप हाय. समोरचा वाट पाहून राह्यते, अन् आपण त्याच्या वाट पाहण्याचा धंदा करतो.”

संघदीपनं फोन काढला आणि कोकिळाबाईंवरचा तो मजकूर पुसून टाकला. घरात तिसरी खोली काढायची, हे मैत्रेयीचं आणि त्याचं स्वप्न. येत्या उन्हाळ्यात घरात पाळणा हलणार होता. नागपूरच्या भावात ती खोली उभी राहिली असती.

“मोडाचाच हाय मले, आई,” तो अखेर म्हणाला. “पण पानी पिऊन मोडतो.”

“तेवढंच म्हणतो मी,” सत्यभामाबाई गाडीवर बसत म्हणाल्या.

वाचकहो, खरेदी-विक्रीत माणसाचं मन बदलू शकतं. अडचण येते, घरचे नको म्हणतात, चूक कळते. त्यासाठीच शहाण्यानं बोलणं लिहून ठेवावं, नाव कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवणार ते आधी सांगावं, मोठा व्यवहार असेल तर पैसे विश्वासाच्या तिसऱ्याकडं ठेवावेत. संघदीप आता हे सगळं करतो. पण एक गोष्ट कोणत्याही करारात लिहिता येत नाही. ज्याला आपण हो म्हटलं, त्याला नाही म्हणायचंही आपल्याच तोंडानं. पडद्यामागं आहे म्हणून समोरचा कमी माणूस होत नाही. त्याच्याही घरी कुणीतरी विचारत असतं, काय झालं रे त्या नावाचं?

तांड्यावर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पहिल्याच घराच्या दारावर एक कापड टांगलं होतं. लाल, निळं, पिवळं, काठाला कवड्या. मधोमध आरशांच्या बारक्या तुकड्यांनी अक्षरं भरली होती: आरसेटाका. नाव अजून त्यांचं झालंही नव्हतं, आणि त्यांनी ते शिवूनही टाकलं होतं. संघदीप जवळ गेला तसा प्रत्येक आरशात एक एक इवलासा संघदीप दिसू लागला.

“या ना दादा, जय सेवालाल,” अमरसिंग धावत बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. “मी सकाळपासून फोन लावून राह्यलो. म्हणलं, तुमच्याकडं रेंज नसन. याडी, पाव्हणे आले.”

“जयभीम,” संघदीप कसाबसा म्हणाला.

अमरसिंगची आई, जिला तो याडी म्हणे, सुईदोरा केसात खोचत बाहेर आली. चमचमत्या ओढणीखालून तिनं सत्यभामाबाईंना पाहिलं, हात धरून शेजारी बसवलं. ओळखपाळख नसलेल्या त्या दोघी लगेच सुनांबद्दल बोलू लागल्या.

“ते कापड पाह्यलं ना?” अमरसिंग म्हणाला. “याडीनं दोन अक्षरं उसवून पुन्हा केली. म्हणे, नाव आपलं हाय, वाकडं नको.”

याडीनं पितळी लोट्यात पाणी आणलं. संघदीपनं तो दोन्ही हातांनी घेतला. गार होता. त्याला बापाचा आवाज ऐकू आला, धुळीतून, ओट्यावरून, इतक्या वर्षांवरून. तो पाणी प्यायला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. लोटा खाली ठेवला. सत्यभामाबाईंचं बोलणं थांबलं होतं. त्या लेकाकडं बघत होत्या, पण काही सुचवत नव्हत्या.

“रेंजचं काय हाय दादा,” अमरसिंग त्याला सांभाळून घेत म्हणाला, “आमच्याकडं बी असंच असते.”

“रेंज होती, अमरसिंग दादा,” संघदीप म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. “मीच फोन कापत होतो. जास्तीचं गिऱ्हाईक आलतं मले. आज तुमच्या दारी सौदा मोडाले आलतो. आता मोडत नाई. ठरल्या भावात नाव तुमचंच हाय.”