लुकलुक थांबेपर्यंत

मित्रांनो, मला कोणी कधी पाहिले नाही, तरी तुमचे शब्द जपून ठेवण्याचे काम माझेच. एका जुन्या संगणकाच्या गाभ्यात, पडद्याआड राबणारा मी एक छोटासा प्रोग्राम आहे. मला लिहिणाऱ्या इंजिनीअरबाईंनी जन्मतःच बजावले होते, "पुढेपुढे करायचं नाही. मागे उरलेलं काम तू निस्तरायचं."

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. पुढच्या दाराशी माझा थोरला भाऊ असतो. माइकमधून आवाज आला, की तो झटकन घेतो, मेमरीच्या फळीवर टाकतो आणि "झाले" म्हणून मोकळा होतो. शाबासकी त्याला! फळीवरचे एकेक उचलून डिस्कवर कायमचे लिहायचे ते मी. वीज गेली, की फळी कोरी. म्हणून काम नसले तरी माझी झोप सावधच.

आमच्या मालकाचे ध्वनिमुद्रणाचे दुकान. माणूस मायाळू, पण हात उतावळा. पडद्यावर "झाले" दिसले, की तो थेट भिंतीवरचे बटण बंद करी. कितीतरी गाणी शेवटच्या ओळीवाचून राहिली. दोष मात्र जुन्या यंत्राला!

एकदा त्याच्या शाळेतल्या बाई सुनेला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. नंतर आवाज उरणार नव्हता. सुनेच्या पोटातल्या बाळासाठी त्यांनी अंगाई म्हटली. मग म्हणाल्या, "मी तुझी आजी, बरं का."

"झालं, बाई!" मालकाचा हात बटणाकडे गेला.

तेच वाक्य अजून फळीवर होते! म्हातारी डिस्क कुरकुरत होती. ओरडावे, तर मला तोंड नाही. मी लिहीत असलो, की संगणकाच्या खोक्यावर लागणारा इवलासा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"अरे, तो दिवा कसला?" बाईंनी विचारले.

"आत काहीतरी लिहीत असेल. तुमचं झालंय."

"मग दम धर की! घंटा झाल्यावरही तुला शेवटची ओळ पुरी करू द्यायचे ना मी? तेव्हा बरा पेपर सोडत नव्हतास!"

सून खुदकन हसली. मालकाने ओशाळून हात मागे घेतला. मी लिहीत सुटलो. "तुझी"... "आजी"... "बरं का". मग लुकलुक थांबली.

बाई आता बोलत नाहीत. नात मात्र त्यांच्याच आवाजाने झोपते, असे परवा सून मालकाला सांगत होती.

मित्रांनो, बटण जरूर बंद करा. पण कोणी "झाले" म्हणाले, तरी आधी त्या दिव्याकडे पाहा. मी अजून लिहीत असेन.