खळ्यावरची सभा

मत द्यायला रतनबाईने हात वर केला, तेव्हा त्या हातात आपल्या वहाणा आहेत हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

चावडीवरचे पुरुष ताडकन उठले.

"पंचांना पायताण दावती?" सोसायटीचे चेअरमन भिमाजीआबा कडाडले. "बाईमाणूस आन् भर चावडीम्होरं?"

रतनबाईने वर बघितलं आणि हात खाली घेतला. वहाणा तिने काही हौसेने हातात धरल्या नव्हत्या. चावडीसमोर आलं की बायकांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, अशी टाकवे गावाची रीत. मग काटा रुतो नाहीतर चटका बसो. आज तर चावडीनेच बायकांना बोलावलं होतं, तेही अडलं म्हणून. गेल्या साली मानमोडीच्या साथीने घरोघरचे कर्ते पुरुष नेले, त्यांचे सोसायटीतले भाग विधवांच्या नावावर चढले, आणि आता बायका आल्याशिवाय सभा भरली असं पुण्याहून आलेले तपासनीस मानायला तयार नव्हते. तेव्हा बायकांना आणलं, पायऱ्यांखाली उन्हात उभं केलं आणि त्यांची डोकी मोजली. एवढ्यावर त्यांचं काम संपलं असं वरच्यांना वाटत होतं.

पण रतनबाई बोलली होती. सोसायटीचं यंदाचं बियाणं तिच्या पंचांच्या भाऊबंदांनी आधी उचललं आणि विधवांच्या वाट्याला कणगीच्या तळाचं, ओल धरलेलं भात आलं. रोपांसाठी भाजलेल्या राबात निम्मं उगवलंच नाही. ठाकरवाडीच्या चिमाबाईचं वावर तर पडून राहिलं. ती पोरांना घेऊन लोकांच्या बांधावर राबत होती. पुढच्या खेपेला बियाणं वाटताना पंचांत एक तरी बाई पाहिजे, असं रतनबाई म्हणाली. चिमाबाईने तिचंच नाव सुचवलं. त्या नावाला तिने हात वर केला होता.

"आबा, वहाणा हातात घ्यायला तुमीच लावलं," ती म्हणाली.

"पायरीवर नाक घास. मंग बघू पुढचं."

तपासनीसांनी मान खाली घालून चष्मा पुसायला घेतला.

रतनबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती वळली आणि चालू लागली. बाकीच्या बायकाही तिच्या मागे निघाल्या, आणि सभा मोडली. पण चावडी दिसेनाशी होईपर्यंत वहाणा हातातच राहिल्या. ते ध्यानात आलं तेव्हा तिला आबांपेक्षा स्वतःचा जास्त संताप आला.

पंधरवड्याने तपासनीस पुन्हा आले. या खेपेलाही सभा भरली नाही तर सोसायटी बंद होणार होती, आणि मग साऱ्या गावाचं भात कान्ह्याच्या बाजारातले व्यापारी म्हणतील त्या भावाने द्यावं लागणार होतं. चावडीवर पुरुष वाट बघत बसले. एकही बाई फिरकली नाही. बोलवायला गेलेला सभासद सोपान एकटाच परत आला.

"समद्या रतनबाईच्या खळ्यावर हायती. मळणी चाललीय. म्हनत्यात, भात उघडं टाकून यायचं न्हाई. सभा घ्यायची तर तितं या."

आबांनी पुष्कळ आदळआपट केली. बायकांच्या दारात सभा भरवायची का, असं चारचारदा विचारलं. एकेक जण उठून चालू लागला, तेव्हा तेही उठले.

खळं स्वच्छ सारवलेलं होतं आणि मध्ये भाताची रास पडली होती. पुरुष कडेला येऊन थबकले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. खळ्यावर लक्ष्मी असते. तिथे मालक असो की गडी, पायताण घालून कुणी चढत नाही. सगळ्यांनी वहाणा काढून बांधावर ठेवल्या. आबांचा जोडा मात्र नवाकोरा होता, आणि बांधावर कुत्री हिंडत होती. त्यांनी जोडा उचलून हातात धरला.

चिमाबाईने एक पाटी उपडी करून तपासनीसांना बसायला दिली. त्यांनी घसा खाकरला.

"पंच म्हणून रतनबाईंचं नाव आलेलं आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

भुसकटाने माखलेले बायकांचे हात वर गेले. थोडं थांबून सोपानने हात वर केला. त्याच्याकडे बघून आणखी एकदोघांनी केले. आबांनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण कुणाचा हात खाली आला नाही.

"आता विरुद्ध असतील त्यांनी."

आबांनी तावातावाने हात वर केला.

सगळे वर का बघताहेत ते आबांना कळेना. मग त्यांनीही वर बघितलं. नवाकोरा जोडा त्याच हातात होता. त्यांचा हात हळूहळू खाली येऊ लागला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," रतनबाई म्हणाली आणि तपासनीसांकडे वळली. "त्यांचं बी मत धरा, सायेब. हातात काय हाय, ते आमी बगत न्हाई."