झाकणावरची भोकं

शिलाई मशीनच्या डोक्यावर बारीक भोकं असतात. तेल तिथूनच द्यायचं.

तेल लागलं की रबर लगेच तुटत नाही, फुगतं.

द्रौपदाबाईंच्या चहाच्या पातेल्यात दुसरं काही उकळलेलं चालत नाही.

पितांबर टेलर गाताना प्रत्येक कडव्यानंतर खाकरायचे.

आता सलग.

पितांबर गेले त्याला रविवारी वर्ष होत होतं. एरंडोलच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि द्रौपदाबाईंचं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी नवऱ्याचा आवाज घरात ऐकू यावा. जयंतीला ते गायले होते, ते कुणीतरी सीडीवर भरून दिलं होतं. दुसरी प्रत नव्हती. आता ती सीडी प्लेअरमध्ये अडकली होती आणि ट्रे बाहेर येत नव्हता.

शनिवारी दुपारी मुलगी संघमित्रा धुळ्याहून आली. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, स्पिरिट, इअरबड आणि पांढऱ्या ग्रीसची ट्यूब. हातोडा तेवढा राहिला, असं तिचा धाकटा भाऊ प्रशील म्हणाला.

तिने प्लेअरची पिन बोर्डातून काढली, चार स्क्रू सोडवले, झाकण उचललं. वास आला. बाबांच्या मशीनच्या तेलाचा. हवा जायला झाकणावर भोकांची रांग होती, आणि बरोबर त्या रांगेखाली आत सगळीकडे तेल. संघमित्राने आईकडे पाहिलं. द्रौपदाबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. धूळ बसलीय, असं संघमित्रा म्हणाली.

प्रशील वाकून बघायला आलाच. ही कसली तेलकट धूळ, उद्या टीव्हीला फोडणी द्याल, म्हणाला.

संघमित्राने आतलं लहान चाक बोटाने हळूहळू फिरवलं. ट्रे सरकत बाहेर आला. सीडी शाबूत होती. तिने ती साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली. ट्रे ओढणारा रबरी पट्टा मात्र फुगून सैल झाला होता, चाकावर नुसता घसरत होता. साबणाने धुऊन उकळत्या पाण्यात टाकला तर थोडा आवळेल, असं ती स्वतःशीच बोलली.

द्रौपदाबाई उठल्या. चहाचं पातेलं घेतलं, पाणी घातलं, गॅसवर ठेवलं. पाणी उकळलं तसा संघमित्राने धुतलेला पट्टा त्यात टाकला.

"बठ्ठा भोकस्मा तेल मीच दिधं," त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "कुरकुर करे ते."

"बरं," संघमित्रा म्हणाली. "आते चमचा दे. पट्टा काढना शे."

चमचा प्रशीलनेच आणून दिला.

पट्टा बसला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने तिने लेन्स अगदी हलक्या हाताने पुसली. लेन्सच्या रुळावरचं तेल आणि जुनं काळं ग्रीस खरवडून काढलं, नवं ज्वारीच्या दाण्याएवढं लावलं. स्पिरिट वाळू दिलं. मग झाकण बसवून पिन लावली.

ट्रे आत गेला. आधी घरघर. मग एक कडवं, थोडं अडखळत. मग खाकरणं.

प्रशीलने पंखा बंद केला.

प्लेअर नवा आणला त्या दिवशी झाकणावरची भोकं दाखवून पितांबर चेष्टेने म्हणाले होते, "द्रौपदा, हाई बी मशीनच शे. तेल देत जा."