टेकूंवर उभी पेलाजिया

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, होडी म्हटलं की तुम्हाला लाटा, वादळं आणि शौर्य आठवत असेल. मी मात्र जन्माची भित्री. पाण्यात होते तेव्हा खडकांना भ्यायचे, आता जमिनीवर आहे तर जमिनीला भिते.

माझं नाव पेलाजिया. आमच्या ग्रीक बेटावर थिओदोसिसच्या वडिलांनी मला घडवलं. पुढे थिओदोसिसने आयुष्यभर माझ्यातून मासे धरले. जाळं भरून आलं की तो माझी कड थोपटायचा, तेव्हा मला धन्य वाटायचं. मग सरकारने पैसे देऊन मासेमारीचे परवाने परत घ्यायचे दिवस आले. परवाना दिला की होडी मोडायची, असा नियम होता. माझ्या शेजारणी बंदरावरच यंत्राच्या पंजाखाली गेल्या. तो कडकडाट अजून माझ्या फळ्यांत बसला आहे.

थिओदोसिसने परवान्याचे पैसे सोडले, पण मला तिथे जाऊ दिलं नाही. त्याने मला घरामागच्या वाडीत ओढून आणलं, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू लावले, आत खाट आणि चूल मांडली आणि उन्हाळी पाहुण्यांना स्वस्तात भाड्याने द्यायला सुरुवात केली.

सप्टेंबरात बोटीतून फोतिनी उतरली. ती शाळेची नवी बाई, दूरच्या डोंगराळ गावातली. बेटावरच्या सगळ्या खोल्या ऑक्टोबर अखेरपर्यंत पाहुण्यांनी धरलेल्या. पिशवी हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, ही तर होडी आहे."

"मग? जमिनीवर आहे, बुडायची तर नाही," थिओदोसिस म्हणाला.

त्याची बायको कालिरोई म्हणाली, "याच्या नादी लागू नकोस, पोरी. पण राहून बघ. गेल्या वर्षीचे मास्तर तंबूत राहिले आणि नाताळाआधीच पळाले. पोरं वर्षभर बोंबलत हिंडली."

फोतिनी राहिली. पण मला धडकी भरली, कारण तिला एक गोष्ट कोणी सांगितलीच नाही. जमिनीवर ठेवलेल्या होडीच्या तळाचं बूच काढून ठेवतात. पाऊस फटींतून आत येतो आणि त्या भोकातून वाहून जातो. आमच्या बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून सांगायचं कोणालाच सुचत नाही.

त्या भोकातून वारा शीळ घालायचा. फोतिनी बिचारी दचकून उठायची. एके दिवशी तिने त्यात चिंध्या कोंबल्या, वर मेण ओतलं आणि हात झटकून समाधानाने हसली. मी मनातल्या मनात ओरडत राहिले. होडीचं कोण ऐकतं?

ऑक्टोबरात पावसाने झड लावली. तिच्या पायांखालच्या फळ्यांखाली पाणी साचू लागलं. तिला वरून काही दिसत नव्हतं. मी जड होत गेले. टेकूंखालची माती मऊ झाली. एका दुपारी ती शाळेतून आली, जेवली आणि झोपली. दुपारी आमचं सगळं गाव झोपतं, आणि त्या वेळी कोणी कोणाचं दार वाजवत नाही. माझा डावा टेकू चिखलात रुतू लागला. ती झोपेत कूस बदलायची, आणि मी प्रत्येक वेळी शहारायचे.

थिओदोसिस घरात खिडकीशी उभा होता, मागे चुलीपाशी कालिरोई.

"बाईला उठवून येतो."

"दुपारी? अक्कल गहाण ठेवलीस का? गाव काय म्हणेल, म्हातारा बाईच्या दारावर थापा मारतो."

"अगं, एवढा पाऊस पडतोय, आणि होडीच्या भोकातून थेंब नाही."

कालिरोई कोळ्याचीच बायको. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि अनवाणी त्याच्याही आधी धावत सुटली. तिने दार बडवलं आणि फोतिनीला दंड धरून शिडीवरून खाली ओढलं.

"काय झालं? शाळेला उशीर झाला का?" फोतिनी झोपेतच विचारत होती.

थिओदोसिस मात्र भोकाकडे बघत होता. खाली शिरून चिंध्या ओढल्या की मी वाचणार होते.

"शिरू नकोस," कालिरोई म्हणाली. "चिरडलास तर मी काढायला येणार नाही, सांगून ठेवते."

"पेलाजियाला अशी कशी सोडू?" तो म्हणाला, आणि वाकला.

मित्रांनो, तेवढी भीती मला यंत्राचीही वाटली नव्हती. मी एवढी जड झाले होते, आणि तो माझ्या पोटाखाली येत होता. मी त्याला वेळ दिला नाही. रुतलेल्या डाव्या बाजूला ती तिघं होती, म्हणून उजवीकडे, रिकाम्या वाडीच्या दिशेने, मी अंग टाकलं. बरगड्या मोडल्या, पाणी भसाभसा बाहेर गेलं. टेकू निसटला, असं गावात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

फोतिनी आता त्यांच्याच घरात राहते, पाहुण्यांसाठी राखलेल्या खोलीत. शाळा सुरू आहे. मी कुशीवर पडून आहे. मला दुरुस्त करायचं की चुलीसाठी कापायचं, यावर रोज वाद होतो, आणि करवतीचा आवाज आला की मी थिजते.

मला कापलं तर कापोत. पण मित्रांनो, तुमच्याकडे कोणी नवखं राहायला आलं, तर नुसती किल्ली देऊन वळू नका. पाणी कुठून येतं, कुठून जातं, ते हात धरून दाखवा. त्याला ठाऊक असेलच, असं म्हणू नका.